हिस्पानो मार्क ५: मॉडेल एवढं बारीक झालं, तरी खोटं का दिसतं?

प्रश्न वाचला, सोबतचे रेंडर, म्हणजे मॉडेलवरून संगणकाने काढलेली चित्रंही पाहिली. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विचारणारे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. भारतीय नौदलाच्या सी हॉक विमानातली २० मिलिमीटरची हिस्पानो तोफ, तिची मार्क ५ ही आवृत्ती, त्यांनी नेटवरच्या फोटोंवरून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभी केली आहे. पॉलिगॉन, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग बनवणारे तुकडे, बारा लाखांच्या पुढे गेले, लॅपटॉप धापा टाकतोय, एकेक स्क्रू जागच्या जागी बसवलाय, आणि तरी रेंडर प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो. त्यातच कुणा जाणकाराने 'ही मार्क ५ नाहीच' एवढंच म्हणून विषय संपवला. आता पुढे काय करू, अजून डिटेल कुठे घालू, असा त्यांचा सवाल आहे.

डिटेल कुठेच घालू नका, हे आधी सांगून टाकतो. तुमच्या मॉडेलला डिटेलची कमतरता नाही. तुम्ही तोफेचा पृष्ठभाग कॉपी केलाय. तिच्यात कोणता भाग कशाला ढकलतो, कशावर टेकतो आणि कशातून सरकतो, हे मॉडेलमध्ये कुठेच दिसत नाही. यंत्राची माहिती असलेल्या माणसाला ते लगेच खटकतं. नेमकं काय खटकलं ते त्यालाही सांगता येईलच असं नाही, म्हणून तो 'ही ती नाहीच' म्हणून मोकळा होतो.

पण त्याच्याही आधी एक निर्णय घ्यावा लागेल, आणि तो तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. हे मॉडेल नेमकं कशासाठी? तुम्ही 'सिम्युलेटरच्या मॉडसाठी (विमान उडवण्याच्या गेममध्ये घालायच्या भरीसाठी), जमलं तर पोर्टफोलिओसाठी आणि मित्राला थ्रीडी प्रिंटसाठी' असं लिहिलंय. या तिघांसाठी एकच फाइल चालत नाही. सी हॉकच्या चारही तोफा नाकाच्या खालच्या भागात, कॉकपिटच्या तळाखाली बसवलेल्या असत, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. बाहेरून दिसतात ती फक्त चार तोंडं. म्हणजे उडत्या विमानाच्या मॉडमध्ये तुमच्या तोफेचा नव्वद टक्के भाग कोणाला कधी दिसणारच नाही. तिथे चार भोकं, त्यांच्या आतला थोडा काळोख आणि तोंडाभोवतीची काजळी एवढं पुरतं. १:४८ प्रमाणात प्रिंट काढायची असेल तर २० मिलिमीटरचं भोक ०.४२ मिलिमीटरचं होतं, आणि अर्ध्या मिलिमीटरची गोलावलेली कड ०.०१ मिलिमीटरची. घरगुती प्रिंटर तिची दखलही घेणार नाही. तोफ उघड्यावर, स्टँडवर ठेवलेली दाखवायची असेल, म्हणजे पोर्टफोलिओसाठी, तरच ही मेहनत कामाची. पुढचं सगळं मी तोच हेतू धरून लिहितोय.

आता 'ही मार्क ५ नाही' याबद्दल. तो माणूस तुटक बोलला असेल, पण बरोबर बोलला. हिस्पानोची मूळ एचएस ४०४ ही रचना मार्क बिर्किग्ट या स्विस अभियंत्याची, फ्रान्समधली. ब्रिटिशांनी तिचा परवाना घेऊन आपल्याकडे उत्पादन सुरू केलं. सुरुवातीची मार्क १ तोफ साठ काडतुसांच्या ड्रमवर चालायची. १९४० मध्ये ती स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पातळ पंखात बसावी म्हणून आडवी बसवली, तेव्हा अडकण्याच्या तक्रारींनी वैमानिक हैराण झाले होते. पुढे मार्क २ आली आणि ड्रमऐवजी पट्ट्याने काडतुसं भरली जाऊ लागली. युद्धाच्या शेवटाकडे मार्क ५ आली. तिची नळी मार्क २ पेक्षा एक फूट आखूड, वजन सुमारे ५० किलोवरून ४२ वर आलेलं, आणि वेग मिनिटाला साधारण ६०० वरून ७५० फैरींवर गेलेला. वजन वाचवण्यासाठी आणखी एक गोष्ट काढून टाकली होती, ती म्हणजे हवेच्या दाबावर तोफ 'कॉक' करणारा, म्हणजे डागायला सज्ज करणारा सिलिंडर. मार्क ५ जमिनीवरच हाताने कॉक करून ठेवायची. आकाशात अडकली तर ती तोफ त्या उड्डाणापुरती गेली.

तुमच्या रेंडरमध्ये तो सिलिंडर दिमाखात बसलाय, आणि नळी मार्क २ ची आहे. दोन्ही गोष्टी बहुतेक स्पिटफायरच्या फोटोंतून आल्या असाव्यात, कारण हिस्पानो शोधलं की ढिगाने तेच फोटो समोर येतात. दुसरा सापळा अमेरिकी प्रतींचा. अमेरिकेनेही हीच तोफ बनवली, एम२ आणि नंतर एम३ या नावांनी. दिसायला ती सख्खी बहीण, पण तिचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, ब्रिटिश तोफेपेक्षा किंचित, सुमारे दीड मिलिमीटर लांब ठेवलं होतं. त्यामुळे ठोका नीट न बसून काडतूस न फुटण्याची पीडा अमेरिकनांना बराच काळ भोगावी लागली. मॉडेलमध्ये हा दीड मिलिमीटर कुणाला दिसणार नाही हे खरं. पण अमेरिकी पुस्तिकांतली चित्रं स्वच्छ आणि सहज मिळणारी असल्यामुळे लोक तीच समोर ठेवतात आणि खाली 'ब्रिटिश मार्क ५' असं लिहितात. प्रत्येक संदर्भचित्राच्या फाइलला नाव देतानाच कोणती मार्क, कोणता देश, कोणतं विमान हे लिहून ठेवा. मी तर मार्कनुसार वेगळे फोल्डर करतो, आणि खात्री नसलेलं चित्र 'संशयित' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. त्या फोल्डरमधलं चित्र आकार समजून घेण्यासाठी चालतं, माप घेण्यासाठी नाही.

मार्क ५ ओळखायला एक सोपी खूण आहे. हॉकर टेम्पेस्ट ५ या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पहिल्या शंभर नगांत मार्क २ होत्या, त्यामुळे पंखाच्या पुढे नळ्या बाहेर आलेल्या दिसतात. नंतरच्या विमानांत मार्क ५ आल्या आणि नळ्या पंखात गडप झाल्या. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की एक फूट म्हणजे किती हे डोळ्याला कळतं. आपल्या हवाई दलाने वापरलेली टेम्पेस्ट २ आणि व्हॅम्पायर ही विमानंही मार्क ५ चीच.

मापांकडे वळू. सगळी मापं कुठे मिळतील, असं तुम्ही विचारलंय. एका जागी मिळणार नाहीत. ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या 'एअर पब्लिकेशन' मालिकेतल्या तांत्रिक पुस्तिकांत तोफेच्या आतल्या भागांची फोडून दाखवलेली चित्रं असतात. भागांचा क्रम आणि नाती समजायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, पण ती चित्रं समजावण्यासाठी काढलेली आहेत, मोजण्यासाठी नव्हे. मापांसाठी मी आधी दोन-तीन पक्के खुंटे ठोकतो. भोक २० मिलिमीटर. काडतुसाच्या नळकांड्याची, म्हणजे केसची, लांबी ११० मिलिमीटर. पूर्ण काडतूस सुमारे १८ सेंटिमीटर, आणि तळाशी व्यास साधारण २५ मिलिमीटर. सर्वांत आधी अचूक मापाचं काडतूस बनवा. मग प्रत्येक फोटोत जिथे काडतूस, पट्ट्याची कडी किंवा नळीचं तोंड दिसतं, तिथून बाकीची मापं काढा. पूर्ण लांबीचा आकडा शेवटी पडताळणीला ठेवा. तो प्रत्येक स्रोत वेगळा देतो, कारण कुणी नळीच्या तोंडावरची नट धरतं, कुणी धरत नाही.

फोटोंमध्ये सर्वांत जास्त फसवते ती लेन्स. संग्रहालयात जागा कमी म्हणून लोक मोबाइलने जवळून फोटो काढतात. मग नळीचं पुढचं टोक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. असा फोटो पार्श्वभूमीला लावून त्यावर रेषा ओढल्या की तोफ पुढे जाड होत जाणारच, आणि तुमच्या मॉडेलमध्ये नेमकं तेच झालंय. फोटोवर थेट ट्रेस करू नका. एफस्पायसारख्या साधनाने आधी कॅमेऱ्याची जागा आणि लेन्स काढा, तो कॅमेरा ब्लेंडरमध्ये आणा आणि मॉडेल त्या चौकटीतून पाहत जुळवा. एकाच फोटोवर जुळलं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. तीन वेगळ्या कोनांतून जुळलं तर माप बरोबर धरायचं.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणजे गोवा हाकेच्या अंतरावर. वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, आणि तिथे सी हॉक उभं आहे. परवानगी विचारून फोटो काढा, पण समोर जाऊन चिकटून नको. शक्य तितकं मागे सरका आणि झूम करा, म्हणजे आकार सपाट आणि खरा येतो. नाकाखालच्या तोफांच्या तोंडांचे बाजूने, खालून आणि समोरून असे फोटो घ्या, आणि चौकटीत एक साधी स्टीलची फुटपट्टी येऊ द्या. एक मात्र ध्यानात ठेवा. उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या विमानावर वर्षानुवर्षं रंगाचे हात चढलेले असतात. आकारासाठी त्याच्यावर भरवसा ठेवा, रंगासाठी आणि पॅनेलच्या फटींसाठी नको. शिवाय नौदलाची सगळी सी हॉक एका साच्यातली नव्हती. काही ब्रिटनकडून आली, काही पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरलेली होती, आणि जर्मनांसाठी बनलेल्या विमानांचं शेपूट उंच होतं. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवरून उडून कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले करणाऱ्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं विशिष्ट विमान दाखवायचं असेल, तर आधी त्या क्रमांकाच्या विमानाचा त्या काळातला फोटो हवा.

आता मुख्य मुद्दा, बांधणीचा क्रम. मी अशी यंत्रं आतून बाहेर बांधतो. आतलं काही दिसणार नसलं तरी जाडजूड ठोकळ्यांनी का होईना, पण आधी आतलंच. कारण बाहेरचा प्रत्येक उंचवटा आतल्या कशासाठी तरी असतो. हिस्पानोचं काम साधारण असं चालतं. गोळा नळीतून पुढे जाताना नळीच्या एका छिद्रातून थोडा गॅस वरच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टनचा धक्का ब्रीच ब्लॉकच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याच्या, बाजूच्या पट्ट्यांना बसतो आणि कुलूप सुटतं. मग चेंबरमध्ये उरलेला दाब ब्लॉकला मागे फेकतो. रिकामी केस खालच्या खिडकीतून पडते, स्प्रिंग ब्लॉकला पुढे आणते आणि जाता जाता तो वरच्या फीडमधलं, म्हणजे काडतुसं पुरवणाऱ्या भागातलं, नवं काडतूस चेंबरमध्ये घुसवतो. तुमच्या मॉडेलमध्ये गॅस सिलिंडर नळीच्या वर छान बसलाय, पण त्याच्या मागच्या टोकापासून ब्रीचपर्यंत धक्का पोचायला वाटच नाही. मध्ये भरीव धातू आहे. केस पडायची खिडकीही काडतुसापेक्षा लहान आहे. ही दोन ठिकाणं दुरुस्त केलीत की तोफेची बाह्यरेषा आपोआप बदलेल, आणि ती बरोबर बदलेल.

दुसरी खटकणारी जागा ब्रीच ब्लॉकची. आतला भाग कापून दाखवणाऱ्या कट-अवे चित्रात तुम्ही ब्लॉक पुढे, चेंबरमध्ये काडतूस, असं दाखवून खाली 'फायर करण्यास सज्ज' असं लिहिलंय. हिस्पानो उघड्या ब्रीचवरून चालते. सज्ज तोफेत ब्लॉक मागे अडकवलेला असतो आणि चेंबर रिकामं असतं. कळ दाबली की ब्लॉक सुटून पुढे येतो, काडतूस सोबत घेतो आणि फोडतो. वर सांगितलेलं जमिनीवर कॉक करणं म्हणजे ब्लॉक मागे ओढून ठेवणं हेच. पोर्टफोलिओ पाहणाऱ्यांत एक जरी जुना आर्मरर, म्हणजे विमानाची शस्त्रं सांभाळणारा, निघाला तर तो सर्वांत आधी हेच बघेल.

तिसरी जागा मिरर मॉडिफायरची, म्हणजे आकार आरशासारखा उलटा करणाऱ्या सोयीची. चार तोफा हव्यात म्हणून तुम्ही एक बनवली आणि उलटी करून दुसरी बाजू भरली. हिस्पानोच्या डोक्यावरचं पट्टा ओढणारं फीड डावं आणि उजवं अशा दोन्ही प्रकारांत यायचं, तेव्हा ते आरशातल्यासारखं उलटं दिसणं ठीक. पण तोफेचा मुख्य देह एकच. तो उलटा केला की त्यावरचे ठसे, कोरलेली अक्षरं आणि एका बाजूला असलेले खिळे-पिना सगळं उलटं होतं. देह चार वेळा तसाच वापरा आणि फक्त फीड बदला. हे फीड तोफेच्या झटक्यावरच चालतं. तोफ पाळण्यावर थोडी मागे सरकते आणि ती हालचाल आतल्या स्प्रिंगला ताण देते. म्हणून तोफ आणि तिला धरणारा भाग यांच्यात सरकायला जागा सोडा. तुमच्याकडे दोन्ही एकाच मेशमध्ये, म्हणजे पॉलिगॉनच्या एकाच सलग जाळ्यात, वेल्ड झालेत.

पट्ट्याचंही एक साधं गणित करून बघा. सी हॉकमध्ये दर तोफेला २०० काडतुसं. काडतूस तळाशी २५ मिलिमीटर, त्यावर कडीची जाडी, म्हणजे पट्टा पाच मीटरपेक्षा लांब. चार पट्ट्यांतली ८०० काडतुसं, प्रत्येकी पाव किलोच्या आसपास, म्हणजे दोनशे किलो. तुम्ही दाखवलेल्या पेटीत तो पट्टा घड्या घालूनही मावत नाही.

आता प्लास्टिकसारखं का दिसतं ते. लोक लगेच टेक्स्चरला, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या रंगरूपाला, दोष देतात, पण तुमच्या फाइलमध्ये दोष कडांचा आहे. सगळ्या मॉडेलवर एकच बेव्हल, म्हणजे कड मोडून केलेली गोलाई, एकाच रुंदीचा. साच्यात ओतलेल्या खेळण्याच्या कडा अशा एकसारख्या असतात. खऱ्या तोफेचा प्रत्येक भाग वेगळ्या रीतीने बनतो आणि ते कडेवर उमटतं. घरातला जुना अडकित्ता आणि स्टीलचा डबा शेजारी ठेवून कडा बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. मिलिंग केलेल्या पृष्ठभागाची कड तीक्ष्ण, जेमतेम मोडलेली. घडवलेल्या लोखंडाची मऊ, जाड. पत्र्याला वाकवलेल्या भागाची कड आतून-बाहेरून वेगळ्या त्रिज्येची. मी मिलिंगच्या कडांना ०.३ ते ०.५ मिलिमीटर धरतो, घडाईच्या भागांना दीड-दोन, आणि पत्र्याला त्याच्या जाडीच्या हिशोबाने. हे माझे अंदाज, फोटो पाहून बदलायचे. पण तीन वेगळे बेव्हल आले की ग्रे मटेरियलमध्येसुद्धा, म्हणजे रंगरूप न चढवलेल्या नुसत्या राखाडी मॉडेलमध्येही, तोफ लोखंडाची वाटू लागते. ग्रे रेंडर पटत नाही तोवर मी टेक्स्चरचं सॉफ्टवेअर उघडत नाही.

टेक्स्चरमध्ये चकाकी कमी करा. या तोफा काळपट, तेलकट, बऱ्याचशा मॅट. तुमची सगळी तोफ एकाच रफनेसची (पृष्ठभाग किती खरखरीत ते ठरवणाऱ्या आकड्याची) आहे आणि कडाकडांवर चंदेरी ओरखडे आहेत, जे सॉफ्टवेअर एका बटणावर देतं. धातू खरा उघडा पडतो तो घासला जातो तिथे: कड्या जिथून सरकतात ती फीडची वाट, ब्रीच ब्लॉकच्या सरकण्याच्या पट्ट्या, झाकणाची खिटी, हाताने कॉक करताना अवजार लागतं ती जागा. नळीच्या मधल्या भागाला कोण कशाला घासणार? तिथे तेलावर बसलेली धूळ दाखवा. नळीच्या पुढच्या टोकाला काजळी, पण ती गोल डागासारखी नको, तोंडाकडून मागे विरत जाणारी हवी. आणि रंग दिलेल्या भागाचं 'मेटॅलिक', म्हणजे धातूपणा ठरवणारं सेटिंग, शून्यावर ठेवा. रंगाखाली लोखंड असलं तरी डोळ्याला दिसतो तो रंगच.

बारा लाख पॉलिगॉनबद्दल फार बोलत नाही. तुमचे निम्मे पॉलिगॉन स्क्रूंच्या आट्यांत आणि झटका झेलणाऱ्या स्प्रिंगमध्ये गेलेत. आटे नॉर्मल मॅपवर बेक करा, म्हणजे खऱ्या भूमितीऐवजी उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात उतरवा. नळीच्या आतल्या खाचा तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरपर्यंत दाखवल्या की पुरे. स्प्रिंग मात्र खऱ्या भूमितीतच ठेवा, कारण तिची बाह्यरेषा दिसते, फक्त तारेचा छेद गोल आहे असं गृहीत धरू नका, फोटोत तपासा. स्टँडवरच्या तोफेला मी ३० ते ४० हजार त्रिकोणांत बसवतो. यंत्र चांगलं असेल तर दुप्पटही चालेल, त्यात काही पवित्र नाही.

ॲनिमेशनचं तुम्ही ओझरतं विचारलंय. मिनिटाला ७५० फैरी म्हणजे एक पूर्ण फेरा ८० मिलिसेकंदांचा. साठ फ्रेमच्या व्हिडिओत जेमतेम पाच फ्रेम, चोवीस फ्रेमच्या व्हिडिओत दोनसुद्धा नाहीत. ब्लॉकला पूर्ण काडतुसाच्या लांबीहून जास्त मागे जाऊन परत यायचंय, ते एवढ्यात. खऱ्या वेगात आतला कोणताही भाग डोळ्याला दिसणार नाही, फक्त धूसर हालचाल, तोफेचा थरथराट आणि पट्ट्याची ओढ. म्हणून खऱ्या वेगाचा शॉट आणि यंत्रणा दाखवणारा संथ शॉट वेगवेगळे बनवा. संथ शॉटमध्ये फ्रेम मोजताना आधी कुलूप सुटणं, मग ब्लॉक मागे जाणं, हा क्रम सांभाळा. तुमच्या चाचणी व्हिडिओत दोन्ही एकाच फ्रेमला सुरू होतात.

राहिला शेवटचा प्रश्न, सगळं पुन्हा पहिल्यापासून करू का? नाही. तोफेचा मुख्य देह तुम्ही चांगला ओढलाय. त्याच्या मागच्या अर्ध्या भागाला मी हातही लावणार नाही. नळी टाकून द्या, ती मार्क २ ची आहे. कॉकिंगचा सिलिंडर काढा आणि तो जिथे जोडलाय ती जागा मार्क ५ च्या फोटोवरून नव्याने बंद करा. फीड देहापासून वेगळं करा, काडतूस अचूक मापाने बनवा आणि ते काडतूस फीडमधून चेंबरपर्यंत आणि खिडकीतून खाली हाताने सरकवत न्या. ते जिथे अडकेल तिथे मेश कापा. एवढं झाल्यावर बेव्हलकडे वळा. टेक्स्चर त्यानंतर.